९ वर्षांचा साग, उंच गेलाय पण जाड होत नाही, निम्मी झाडं कापू का?

बांधावरचा:
नमस्कार मंडळी, सागावरचे जुने धागे सगळे वाचले पण माझ्या अडचणीचं नेमकं उत्तर सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय. एक एकर साग लावलाय, यंदा ९ वर्षं पूर्ण झाली. लावताना ५ बाय ५ फुटांवर लावला म्हणजे सतराशेच्या आसपास झाडं झाली, त्यातली मेलेली सोडून आज साधारण पंधराशे उभी आहेत. पहिली चार वर्षं अशी जोरात वाढली की येणारा जाणारा थांबून विचारायचा काय घालतोस म्हणून. आता उंची ३०-३५ फूट सहज असेल, बुंधा सरळसोट, पण छातीच्या उंचीला टेप लावला की घेर १२-१३ इंच, आणि मागच्या दोन वर्षांत तर टेप जवळजवळ तिथल्या तिथेच आहे. आत शिरून वर बघितलं तर नुसत्या काठ्या उभ्या केल्यासारखं दिसतं, पानं फक्त शेंड्याला, ती पण एकमेकांत घुसलेली.

एक जण म्हणतो ड्रिपमधून खत सोड, दुसरा म्हणतो एक आड एक झाड काढून टाक. काढायचं म्हटलं की हात धजत नाही हो. पहिल्या उन्हाळ्यात वडिलांनी बादलीने पाणी घालून जगवलीत ही झाडं, आणि आता ऐन वाढीत असताना साडेसातशे झाडांवर कुऱ्हाड घालायची? शिवाय मागच्या कोपऱ्यात शे-दीडशे झाडं मेलीत तिथे नवीन रोपं लावू का हेही सांगा. आणि कापलीच तर एवढ्या बारीक मालाचं करायचं काय?

रानवाटा:
दादा, तुमचं दुखणं मी रोपवनात शेकडो वेळा बघितलंय, आयुष्य त्याच कामात गेलं. खताचा विचार आधी डोक्यातून काढा, तुमच्या झाडांना उजेड कमी पडतोय. साग हे झाड सावली अजिबात सहन करत नाही, त्याला डोक्यावर पूर्ण आभाळ लागतं. दाट लावला की सगळे शेंडे उजेडासाठी वर पळतात, खालच्या फांद्या सावलीत मरतात, पानांचा पसारा लहान होत जातो, आणि पान कमी तर बुंध्यात भरणार कुठून? उंची मिळते, जाडी थांबते. दाट लावण्यात चूक काही नाही बरं का, लहानपणी दाटीमुळेच झाड सरळ जातं, चूक एवढीच की वेळेवर विरळणी झाली नाही. तुमच्या अंतरावर पहिली विरळणी पाचव्या वर्षाच्या आसपास व्हायला हवी होती.

पण मी म्हणतो म्हणून कापू नका, झाडालाच विचारा. कुठलं तरी वाकलेलं, दबलेलं एक झाड जमिनीलगत कापा, बुंध्याची चार बोटं जाडीची चकती काढा, थोडी सुकू द्या आणि तिच्या वरच्या बाजूला आधी जाड मग बारीक सँडपेपर मारा. ओला फडका फिरवला की वर्तुळं स्पष्ट दिसतील. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत वर्षाची वर्तुळं इतकी स्वच्छ दिसतात, सागात दिसतात कारण कोरड्या ऋतूत तो पानं टाकून थांबतो आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा सुरू होताना मोठ्या छिद्रांची एक ओळ बनवतो. ती मोजा, प्रत्येकाची रुंदी बघा आणि इथे लिहा, मग पुढचं बोलू.

रंधा_पटाशी:
मी लाकडाच्या बाजूने सांगतो, सुतारकाम करतो. चकती काढालच तर अजून एक बघा, मध्ये तपकिरी गाभा किती आणि कडेचा पांढरा भाग किती. सागाचं जे काही नाव आहे ते सगळं त्या गाभ्याचं आहे. वाळवी लागत नाही, पाणी पीत नाही, सुकल्यावर वाकत नाही, हे सगळे गुण गाभ्याचे, कारण झाड म्हातारं होतं तसं आतल्या लाकडात तेलकट द्रव्यं साठवत जातं. त्यातलं टेक्टोक्विनोन नावाचं एक द्रव्य वाळवीला सहन होत नाही, आणि थोडा रबरासारखा अंशही असतो म्हणून रंधा मारल्यावर हात फिरवला की पृष्ठभाग मेणचट लागतो आणि चामड्यासारखा एक वास येतो. कडेच्या पांढऱ्या लाकडात यातलं काही नाही, ते वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखंच खाते. लोक कोवळा साग आणतात, चौकट करतात, तीन वर्षांत वाळवी लागली की सागाच्या नावाने बोटं मोडतात. तो साग नव्हताच हो, सागाचा पांढरा भाग होता.

अजून एक गोष्ट जी काम करणाऱ्यालाच कळते, सागात सिलिका असते म्हणजे बारीक वाळूच समजा. दिवसभर साग रंधला की पात्याला दोन-तीनदा धार लावावीच लागते. आणि सांधा चिकटवायचा असेल तर ताजा रंधलेला असतानाच चिकटवायचा, रात्रभर ठेवला की तेल वर येतं आणि गोंद धरत नाही.

बांधावरचा:
रानवाटाकाका, काल चकती काढली. बांधाकडचं एक झाड वादळात वाकलं होतं तेच घेतलं. सँडपेपर मारून ओला फडका फिरवला आणि खरं सांगतो बराच वेळ ती हातात घेऊन बसून राहिलो. मधली चार वर्तुळं करंगळीएवढी रुंद आहेत, आणि पाचव्यापासून एकदम बारीक, दोन-तीन मिलिमीटर, शेवटचं तर नख लावून शोधावं लागलं. एकूण नऊ. म्हणजे ज्या वर्षी लोक कौतुक करत होते त्याच्या पुढच्याच वर्षी झाडं गुदमरायला लागली होती आणि मला नऊ वर्षांनी कळतंय. गाभा म्हणाल तर मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा फिकट तपकिरी ठिपका, बाकी सगळं पांढरं. वडिलांना दाखवली, ते काही बोलले नाहीत, चकती घरात नेऊन ठेवली.

आता सांगा कसं करायचं. एकदम निम्मी काढू?

रानवाटा:
चकतीने सांगितलं ते बरं झालं. आता नीट ऐका, कारण इथे घाई केली तर दुसरं नुकसान होतं. तुमच्या झाडाची उंची ३३ फूट धरली म्हणजे ३९६ इंच, आणि १३ इंच घेराची जाडी भरते चार इंचांच्या थोडी वर. उंचीला जाडीने भागलं की ९५ च्या वर येतो. हा आकडा ८० च्या खाली असला की झाड वाऱ्यात आपल्या पायावर उभं राहतं, शंभराकडे गेला की शेजाऱ्यांच्या आधाराने उभं असतं. एकदम निम्म्याहून जास्त आधार काढला तर पहिल्याच वादळी पावसात उरलेली वाकतील. दुसरं असं की अंधारातल्या बुंध्यावर अचानक ऊन पडलं की सालीखालचे झोपलेले डोळे फुटतात आणि बुंधाभर पाणफुटवे येतात, मग गाठी पडतात.

म्हणून दोन टप्प्यांत करा. यंदा पाचशेच्या आसपास काढा, दोन वर्षं जाऊ द्या, मग पुन्हा तेवढीच. त्यानंतर जी पाचशे उरतील ती साधारण नऊ-साडेनऊ फुटांच्या अंतरावर येतील, आणि पुढे शेंडे परत भिडले की पुन्हा विरळणी. सागाची जुनी रोपवनं ५० ते ८० वर्षं ठेवतात आणि शेवटी एकरी शंभराच्या आतच झाडं उरतात, पण ती झाडं असतात.

कोणती काढायची हा खरा प्रश्न. एक आड एक हा हिशेब कागदावर ठीक आहे, पण रांगेत नंबर लागला म्हणून चांगलं झाड कापणं आणि शेजारचं वाकडं ठेवणं याला मी विरळणी म्हणत नाही. आधी संपूर्ण प्लॉटमध्ये फिरा आणि जी ठेवायचीत त्यांना चुन्याचा पट्टा मारा. सरळ, एकाच शेंड्याचं, पानांचा पसारा चारी बाजूंनी सारखा असलेलं. मग प्रत्येक पट्ट्याच्या झाडाभोवती फिरून वर बघा, त्याच्या डोक्यावर कोण चढतंय, ते काढायचं. दुशेंडी झाडं पण काढा. सागाला फुलोरा येतो तो शेंड्यातूनच येतो, त्यामुळे पहिल्यांदा फुललं की मधला शेंडा संपतो आणि बाजूचे दोन डोळे पुढे जातात, तिथून झाड दुभंगतं. खाली दहा-पंधरा फुटांवर दुभंगलेल्या झाडातून लांब ओंडका कधीच मिळणार नाही.

वेळ म्हणाल तर पानगळ झाल्यावर आणि नवीन पालवी यायच्या आत. आणि एक हात जोडून सांगतो, खाली पडलेली पानं जाळू नका. सागाचं पान एवढं मोठं असतं की त्यावर पावसाचे थेंब गोळा होऊन टपोरा थेंब खाली पडतो, ३० फुटांवरून. खाली उघडी जमीन असेल तर तो थेंब माती उकरतो. शुद्ध सागाच्या रोपवनात जमीन धुपते ती यामुळेच. पालापाचोळा तसाच राहू द्या, आणि विरळणीनंतर आपोआप झुडपं उगवली तर तीही राहू द्या, फक्त वेली काढा.

हिरवं_पान:
मागच्या कोपऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. दादा, तिथे पाणी साचतं का? मी सागाची रोपं तयार करते, आणि माझा अनुभव असा की एकाच ठिकाणची झाडं एकगठ्ठा मेली तर नव्वद टक्के वेळा जमीन चिबड असते. सागाच्या मुळांना हवा लागते, चार दिवस पाणी तुंबलं की मुळं कुजायला लागतात. खोल, निचऱ्याची, थोडी चुनखडीच्या अंशाची जमीन त्याला सगळ्यात आवडते, घट्ट भारी काळीत तो कुढत राहतो. तसं असेल तर तिथे पुन्हा साग लावूच नका. आणि पाणी साचत नसेल तरी आत्ता लावू नका, आजूबाजूच्या ३० फुटी झाडांच्या सावलीत नवीन रोप जगलं तरी दोऱ्यासारखं वाढेल.

पुढे कधी मोकळ्या जागेत लावणार असाल तर बियांपासून स्वतः करा असं मी म्हणेन, त्यात फार समाधान आहे. सागाचं फळ बघितलंय का जवळून? बाहेर कागदासारखं फुगलेलं आवरण, आत लवदार केसाळ साल, आणि त्याच्या आत दगडासारखी कठीण आठळी. आठळीत चार कप्पे असतात पण बहुतेकदा एक-दोनच बिया भरलेल्या, कधी कधी एकही नाही. म्हणून टाकलेलं सगळं उगवत नाही. मी फळं पोत्यात घालून जमिनीवर रगडते, आवरण निघून जातं, मग रात्रभर पाण्यात आणि दिवसभर कडक उन्हात, असं दोन आठवडे. त्याने आठळी सैल होते. तरी उगवण एकदम होत नाही, आज दोन, चार दिवसांनी पाच, असं आठवडेच्या आठवडे चालतं, आणि काही बिया पुढच्या पावसाळ्यात उगवतात. वर्षभराने अंगठ्याएवढं जाड झालं की रोप उपटून स्टंप करायचा, वर फक्त दोन बोटं खोड ठेवायचं, खाली वीतभर मुख्य मूळ, बाजूची मुळं सगळी छाटायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं ही कसली काडी लावताय, पण पहिल्या पावसात पहारीने भोक पाडून घट्ट दाबून लावला की त्यातूनच जोमदार कोंब येतो. कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात, माझी पावसाळाभर तशीच असतात.

वाचनवेडा:
हिरवं_पान ताईंनी बियांचं लिहिलं त्यावरून आठवलं. भारतात सागाची लागवड पद्धतशीर सुरू झाली ती केरळात निलंबूरला, १८४० च्या दशकात. मलबारचा कलेक्टर होता कनोली, आणि प्रत्यक्ष काम बघितलं चातू मेनन यांनी, आणि त्यांचाही पहिला अडथळा हाच होता, बी उगवेना. बरेच प्रयोग फसल्यावर जमलं. त्या लागवडीचा एक तुकडा कनोली प्लॉट म्हणून अजून राखलाय. म्हणजे दादा, तुम्ही जे करताय त्याला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे.

एवढी धडपड कशासाठी तर जहाजांसाठी. ओक लाकडात टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं, सागात लोखंड सुरक्षित राहतं, आणि समुद्राच्या पाण्यात साग आकुंचन-प्रसरण फार कमी पावतो. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागाची जहाजं बांधली, त्यातलं त्रिंकोमाली नावाचं १८१७ साली पाण्यात उतरलेलं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षांच्या वर झाली. आणि ब्रह्मदेशात झाड तोडायच्या आधी दोन-तीन वर्षं बुंध्याभोवती खाच पाडून उभं वाळवायचे, कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळला तरच ओंडके नदीतून वाहून नेता यायचे.

नवा_शेतकरी:
सगळ्यांचं वाचतोय, खूप शिकायला मिळालं. पण माझ्याकडे एक जण टिशू कल्चरचा (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेला) साग घेऊन आलाय, म्हणतो १२ वर्षांत तोडणी, पूर्ण गाभ्याचा माल. वर चकतीचं वाचून शंका आली, नऊ वर्षांत नाण्याएवढा गाभा तर बारा वर्षांत पूर्ण कसा?

रंधा_पटाशी:
शंका अगदी बरोबर आहे. टिशू कल्चर खोटं नाही, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या सुमाराला जुन्या निवडक सागापासून ते करून दाखवलं होतं. फायदा असा की चांगल्या झाडाची हुबेहूब नक्कल मिळते, सगळी सरळ, सगळी सारखी. चांगली जमीन आणि मोकळी जागा दिली तर जाडीही लवकर मिळेल. आणि जोरात वाढलेला साग कमजोर असतो असंही मी म्हणणार नाही, वजन पेलायला तो ठीक असतो. पण टिकाऊपणा गाभ्यातून येतो आणि गाभा वयाने येतो, त्याला आडवाट नाही. १९९० च्या दशकात साग लागवडीच्या योजनांत लोकांनी आयुष्याची पुंजी घातली, माझ्या घरातलेही त्यात होते, कागदावर झाडांचे नंबर मिळाले आणि पुढे ना झाडं ना पैसे. शेवटी १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम आणले. तुम्ही स्वतःच्या जमिनीत रोपं लावा, कोणाच्या तरी आकड्यांत पैसे लावू नका.

आणि बांधावरचा दादा, बारीक मालाचं विचारलं होतं. १२-१३ इंच घेराचे डांब छपराखालचे वासे, मांडव, भाजीपाल्याच्या वेलींचे आधार यांना छान चालतात. जमिनीत पुरू नका, पांढरा भाग कुजेल. छपराखाली वापरणार असाल तर ओले असतानाच साल काढून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा, द्रव्य आत झिरपतं आणि पोखरणारे किडे लागत नाहीत, मात्र पावसात भिजणाऱ्या जागी ते धुऊन जातं. विकणार असाल तर मोजमाप शिकून घ्या. घेराला चारने भागायचं, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ३ फूट घेर आणि १० फूट लांबी असेल तर पाऊण गुणिले पाऊण गुणिले दहा, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. खरं लाकूड त्यात सात घनफुटांच्या वर असतं, ही रीत मुळातच एकवीस-बावीस टक्के कमी दाखवते, तेव्हा सौदा कोणत्या मापाने चाललाय ते आधी विचारा. आणि साग तोडायला आणि हलवायला बहुतेक ठिकाणी परवानगी आणि पास लागतो, विरळणीच्या झाडांनाही, तो आधी काढा, ट्रॅक्टर भरल्यावर नाही.

हिरवं_पान:
एक राहिलं, अळीवर लक्ष ठेवा. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी खाणारी एक अळी येते ती आठवड्यात झाड नागडं करते, आणि पावसाच्या शेवटी दुसरी येते ती शिरा ठेवून पानाची जाळी करते. झाड मरत नाही, परत पालवतं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण परत पालवण्यात साठवलेलं सगळं खर्च होतं. केरळच्या वन संशोधन संस्थेने निलंबूरला कोवळ्या रोपवनात मोजलं तेव्हा पहिल्या प्रकारच्या अळीमुळे होऊ शकणाऱ्या वाढीतली ४४ टक्के वाढ बुडत होती. ३० फुटांवर फवारणी करत बसू नका, पक्ष्यांना झुडपं राहू द्या, रानवाटाकाका म्हणाले तसंच.

बांधावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपऱ्यात पाणी साचतं, ताई, बरोबर ओळखलंत, तिथे चर काढणार आणि साग लावणार नाही. परवा सकाळी चुना कालवून प्लॉटमध्ये गेलो तर वडील आधीच तिथे होते. पहिला पट्टा त्यांनीच मारला. मग दिवसभर दोघं फिरलो, ते वर बघून सांगत होते हे ठेव, हे नको, आणि संध्याकाळपर्यंत चारशे झाडांवर पट्टे झाले, उरलेलं या आठवड्यात. परवानगीचा अर्ज दिलाय, पानगळ झाली की काम सुरू.

शेवटचं एक विचारतो, कापलेल्या खुंटाला फुटवे येतील ना, त्यातला एखादा ठेवू का?

रानवाटा:
येतील, आणि जोरात येतील, मुळं नऊ वर्षांची आहेत. पण प्लॉटच्या आत एकही ठेवू नका, दोन-तीनदा छाटा म्हणजे खुंट दमेल, नाहीतर ज्याच्यासाठी जागा केली त्याच्याच मुळाशी तो भांडत बसेल. बांधाकडेला जिथे ऊन भरपूर आहे तिथे खुंटाला जमिनीलगतचा एकच जोमदार फुटवा ठेवा, वरचे काढा, वर फुटलेला पुढे वाऱ्याने निखळतो. आणि ज्या झाडांना पट्टे मारलेत त्यातल्या वीसएक झाडांचा घेर आजच मोजून वहीत लिहून ठेवा, छातीच्या उंचीला रंगाची रेघ मारून, म्हणजे दरवर्षी टेप त्याच रेघेवर बसेल. दोन वर्षांनी ते आकडे इथे टाका, मी वाट बघतो.